परमुलखाचं तिकीट

"तिकडं पैसा कोणता चालतो?" आजीने विचारलं.

रात्रीचे साडेदहा झाले होते. गंगापुरातल्या घरी मी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलो होतो आणि आईचं जर्मनीतलं रेल्वेचं तिकीट काढत होतो. ताई स्टुटगार्टला असते. तिचं बाळंतपण तारखेच्या दोन आठवडे आधीच झालं, दाजी दवाखाना आणि घर यांच्यामध्ये पळत होते, आणि आईला फ्रँकफर्टच्या विमानतळावर उतरून पुढे एकटीने रेल्वेने जायचं होतं. सव्वा तासाचा प्रवास. लासूर स्टेशनहून मनमाडला जायला साधारण तेवढाच वेळ लागतो, असं मी आईला सांगत होतो. ती मान हलवत होती, पण तिचं लक्ष माझ्या स्क्रीनवर होतं. तिथे नुकतंच लाल अक्षरात आलं होतं की पेमेंट होऊ शकलं नाही.

आजीच्या प्रश्नावर आम्ही सगळे हसलो. आजीने नव्वदी पार केली आहे. तिला वाटतं की ताई मुंबईच्या जरा पलीकडे कुठेतरी राहते. मी म्हणालो, "आजी, आता कार्डावर चालतं सगळं. पैसा कोणता ते बघावं लागत नाही." आणि मग दुसऱ्यांदा कार्डाचा नंबर टाकला. पुन्हा लाल अक्षरं.

चूक माझीच होती. माझ्या कार्डावर परदेशी व्यवहारांचं बटण बंद होतं. जानेवारी २०२०मध्ये रिझर्व्ह बँकेने नियम केला की नवीन कार्ड हातात येईल तेव्हा ते फक्त देशातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या मशीनवर चालेल. ऑनलाइन किंवा परदेशात वापरायचं असेल तर ज्याचं कार्ड त्याने ते स्वतः चालू करायचं. नियम चांगला आहे. मी पेमेंटच्याच क्षेत्रात सॉफ्टवेअर लिहितो, दिवसभर हेच करतो, आणि घरच्या तिकिटाच्या वेळी तो विसरलो. म्हणजे हद्द ओलांडली की इथला पैसा आपोआप चालत नाही. आजीने बरोबर तेच विचारलं होतं.

तिला हे कुठून सुचलं, ते मला त्या रात्री नीट कळलं नाही. नंतर मी तिच्याकडून काढून घेतलं, थोडं वाचलं, आणि हा लेख त्यातूनच आला.

*

आजीचं माहेर नेवासे तालुक्यातलं. आज गंगापूरहून पुण्याकडे निघालात की कायगाव टोक्याला गोदावरीवरचा पूल लागतो. पुलाच्या पलीकडे प्रवरासंगम, अहिल्यानगर जिल्हा, नेवासे तालुका. एसटीत बसलेल्या माणसाला पूल कधी आला आणि गेला कळतही नाही. आजीचं लग्न झालं तेव्हा मात्र ही नदी दोन राज्यांची हद्द होती. उत्तरेला गंगापूर, म्हणजे निजामाचं हैदराबाद संस्थान. दक्षिणेला ब्रिटिश हिंदुस्थान. तिच्या माहेरी आमच्या भागाला 'मोगलाई' म्हणत. "पोरगी मोगलाईत दिली" असं तिच्या चुलत्या म्हणायच्या, आणि त्यात थोडी काळजी असायची.

मोगलाईत वेगळं काय होतं? बरंच काही. सरकारी कचेरीत फसली सन चालायचा, त्याचे महिनेही वेगळे. कारभाराची भाषा उर्दू. माल हद्दीतून न्यायचा तर करोडगिरीच्या नाक्यावर जकात. नोकरीला 'मुलकी' असण्याची अट. आणि पैसा वेगळा. ब्रिटिश रुपयाला 'कलदार' म्हणायचे आणि निजामाच्या रुपयाला 'हाली'. संस्थानिक पुष्कळ होते, पण स्वतःच्या कागदी नोटा काढायची मुभा एकट्या हैदराबादला होती, तीही पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई झाल्यावर, १९१८ साली. दर साधारण असा की सात हाली रुपयांना सहा कलदार. शंभर कलदारांना एकशे सोळा-सतरा हाली. बदलून देणारा सराफ वर बट्टा घ्यायचा.

आजीला लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत सासरच्या नातेवाइकांनी ओवाळणी घातली ती हालीत. भाऊबीजेला ती माहेरी गेली, तिथल्या बाजारातून धाकट्या बहिणीला बांगड्या घ्याव्यात म्हणून तिने चारमिनार छापलेला रुपया पुढे केला. कासाराने तो उलटसुलट करून परत दिला. चौदा वर्षांची पोर, हातात पैसे आहेत आणि त्यांचं काही येत नाही. सत्तर-पंचाहत्तर वर्षं झाली तरी तिला ते आठवतं. "माझा रुपया खोटा नव्हता की," असं ती अजून म्हणते.

*

आता रेल्वेकडे येतो. गंगापूर गावाला रेल्वे नाही, तालुक्याला आहे. वीसेक किलोमीटरवर लासूर स्टेशन. ही लाइन आली १९००च्या सुमारास. हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वे असं तिचं नाव, मनमाडपासून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड करत सिकंदराबादपर्यंत. चालवायची निजामाज गॅरंटीड स्टेट रेल्वे. नावातल्या 'गॅरंटीड'चा अर्थ असा की कंपनी लंडनची, भांडवल तिकडचं, आणि भांडवलावर ठरावीक व्याज मिळेल याची हमी निजाम सरकारची. तोटा झाला तर रयतेच्या महसुलातून भरपाई. १९३०मध्ये संस्थानने ती विकत घेतली आणि नावातला 'गॅरंटीड' गळाला.

लासूरला बसलेला माणूस पश्चिमेला निघाला की परसोडा, रोटेगावपर्यंत निजामाच्या मुलखात असे. पुढे नगरसूलला पोहोचला की ब्रिटिश हद्दीत. मनमाडला त्याला खाली उतरावंच लागे, कारण निजामाची लाइन मीटरगेज आणि मुंबईला जाणारी जीआयपीची ब्रॉडगेज. एका रुळांमध्ये एक मीटर अंतर, दुसऱ्यात पावणेदोन मीटरला थोडं कमी. डबा पुढे जाऊच शकत नसे. सामान डोक्यावर घ्यायचं, फलाट बदलायचा, दुसऱ्या गाडीची वाट बघायची. १९९०च्या दशकात आमची लाइन ब्रॉडगेज झाली आणि हे संपलं.

घड्याळाचाही घोळ होता. लाइन नवीन होती तेव्हा भारतीय रेल्वेची घड्याळं मद्रासच्या वेळेवर चालत आणि मुंबई शहर स्वतःच्या वेळेवर. दोन्हींत अर्ध्या तासाचा फरक. १९०६पासून सगळीकडे एक वेळ धरायचं ठरलं, तरी मुंबईने आपली जुनी वेळ कित्येक वर्षं सोडली नाही. ज्यांनी कधी टाइमझोनचा बग सोडवला असेल त्यांना मुंबईच्या त्या स्टेशनमास्तरांबद्दल सहानुभूती वाटेल.

तेव्हा लासूरहून मुंबईला जाणं म्हणजे दुसरी हद्द, दुसरा रुपया, दुसरी गाडी, दुसऱ्या सरकारचे कायदे. पासपोर्ट लागत नव्हता, पण 'परदेश' म्हणताना आपण ज्या गोष्टी मोजतो त्यातल्या बहुतेक होत्या. माझे आजोबा कापसाच्या हिशेबासाठी वर्षातून दोनदा मनमाडला जात. आजी सांगते की निघण्याआधी ते दोन वेगळ्या पुरचुंड्या करत. एक कंबरेला, एक टोपीत. कुठली हालीची आणि कुठली कलदारची हे फक्त त्यांना माहीत.

१५ ऑगस्ट १९४७ला नदीच्या पलीकडे तिरंगा लागला, अलीकडे लागला नाही. पुढचे तेरा महिने ही हद्द खरोखरच दोन देशांची होती. नोव्हेंबरमध्ये भारत आणि निजाम यांच्यात जैसे थे करार झाला, पण गावांत काही जैसे थे राहिलं नाही. रझाकारांची भीती होती, मराठवाड्यातली शेकडो कुटुंबं हद्दीपलीकडच्या जिल्ह्यांत गेली. रेल्वेही सुरक्षित नव्हती. मे १९४८मध्ये मद्रासहून मुंबईला जाणारी मेल हैदराबादच्या हद्दीतून जात असताना तिच्यावर हल्ला झाला. इतिहासाच्या इंग्रजी पुस्तकांत त्या स्टेशनचं नाव 'गंगापूर' असं येतं, त्यामुळे मी शाळेत असताना छाती फुगवून सांगायचो की आमचं गाव पुस्तकात आहे. ते गुलबर्ग्याजवळचं गाणगापूर आहे, हे पुष्कळ उशिरा कळलं. पण विचार करा, त्या मेलमधल्या बहुतेकांना हैदराबादला जायचंच नव्हतं. त्यांच्या तिकिटावर मद्रास आणि मुंबई ही दोनच नावं असणार. मधला परमुलूख तिकिटावर लिहिलेला नसतो.

आमच्या घरचे लोक त्या उन्हाळ्यात टोक्याच्या घाटावरून रात्री नावेने पलीकडे गेले आणि सप्टेंबरपर्यंत आजीच्या माहेरी राहिले. नावाड्याने पैसे घेतले नाहीत. कुठले घेणार होता, असं आजी म्हणते. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा शिरल्या, १७ तारखेला सगळं संपलं, आणि लोक घरोघरी परतले. हालीचं चलन मात्र लगेच गेलं नाही, भारतीय रुपयाच्या बरोबरीने ते १९५९पर्यंत चाललं. रेल्वे १९५०मध्ये भारत सरकारकडे आली. आणि गंमत म्हणजे आजही मनमाड मध्य रेल्वेचं, तर लासूर दक्षिण मध्य रेल्वेचं, जिचं मुख्यालय सिकंदराबादला आहे. राज्य गेलं, राज्याचा नकाशा रेल्वेच्या कागदपत्रांत शिल्लक राहिला.

*

हे सगळं ऐकल्यावर मला एक प्रश्न पडला, जो खरं म्हणजे माझ्या धंद्याचा आहे. ज्या गावात तुम्ही कधी पाय ठेवला नाही, तिथल्या गाडीचं तिकीट तुम्ही इथे बसून काढता. पैसे इथे देता, सेवा तिथे मिळणार. मधे कोण उभं असतं?

सुरुवातीला कोणीच नसे. पहिल्या काळातल्या इंग्लिश रेल्वेत कारकून प्रत्येक प्रवाशासाठी कागदावर हाताने लिहून द्यायचा. लिहिलं तेवढं तो कंपनीला सांगायचा की नाही, देव जाणे. १८३०च्या दशकात थॉमस एडमंडसन नावाचा एक माणूस न्यूकॅसल–कार्लाइल रेल्वेवरच्या एका छोट्या स्टेशनवर नोकरीला होता. आधी फर्निचरचा धंदा करून दिवाळं काढलेला. त्याने पुठ्ठ्याची छोटी तिकिटं आधीच छापून ठेवायची, प्रत्येकावर क्रमांक घालायचा आणि विकताना यंत्राने तारीख उमटवायची, अशी पद्धत काढली. संध्याकाळी पहिल्या आणि शेवटच्या क्रमांकातली वजाबाकी केली की किती तिकिटं विकली ते कळायचं. आम्ही डेटाबेसमध्ये प्रत्येक नोंदीला चढता क्रमांक देतो, तेच हे. ती पद्धत त्याने रेल्वे कंपन्यांना मैलामागे वर्षाला दहा शिलिंग अशा दराने वापरायला दिली. म्हणजे सबस्क्रिप्शन! तुमच्या आईवडिलांनी लहानपणी जमवलेली जाड पुठ्ठ्याची तिकिटं आठवत असतील, तर ती या माणसाची. भारतात ती जवळजवळ परवापरवापर्यंत चालली.

दुसरी अडचण दोन कंपन्यांमधली. तिकीट एका कंपनीने विकलं आणि प्रवासी दुसरीच्या रुळांवरूनही गेला, तर पैसे कसे वाटायचे? यासाठी १८४२मध्ये लंडनला रेल्वे क्लिअरिंग हाउस निघालं. स्टेशनांवर गोळा झालेली तिकिटं तिथे यायची आणि कारकून बसून कोणी कोणाला किती द्यायचे ते काढायचे. शब्द ओळखीचा वाटतो का? बँकांचे चेक जिथे वटतात त्यालाही क्लिअरिंग हाउसच म्हणतात, आणि तुमच्या यूपीआयच्या मागेही तसंच काहीतरी बसलेलं असतं.

आणि मग थॉमस कुक. १८४१मध्ये लेस्टर ते लॉफबरो अशी दारूबंदीवाल्यांची सहल त्याने काढली, माणशी एक शिलिंग. पुढच्या तीसेक वर्षांत त्याने खरा शोध लावला तो कुपनांचा. लंडनमध्ये बसून स्वित्झर्लंडच्या गाडीचं कुपन, हॉटेलचं कुपन विकत घ्यायचं, आणि तिथे भाषा येत नसली तरी नुसता कागद पुढे करायचा. १८७०च्या दशकात त्याने प्रवाशांसाठी 'सर्क्युलर नोट' काढली, जी परगावी तिथल्या चलनात बदलून मिळे. टोपीतल्या पुरचुंडीला तो पर्याय होता. १८८१मध्ये कुकची कचेरी भारतात आली. १८८६मध्ये सरकारने हाजी लोकांचा प्रवासही त्याच्याकडे सोपवला, कारण दलाल त्यांना लुबाडत होते. गावाकडून मुंबईपर्यंतची रेल्वे आणि पुढे जेद्दापर्यंतची आगबोट, दोन्हींची सोय एका ठिकाणी. काही वर्षांतच कुकने ते काम सोडलं, त्यात पैसा सुटत नव्हता. गरीब माणसाच्या तिकिटात मधल्या माणसाला काही मिळत नाही, हे तेव्हाही खरं होतं.

पुढचं भराभर सांगतो. जपानी रेल्वेत आरक्षणाच्या वह्या एका फिरत्या गोल टेबलावर ठेवलेल्या असत आणि कारकून भोवती बसून हवी ती वही समोर आली की उचलत. १९६०मध्ये त्यांनी मार्स नावाचं कॉम्प्युटरवरचं आरक्षण सुरू केलं. आपल्याकडे १९८०च्या दशकाच्या मध्यात दिल्लीला कॉम्प्युटर आला, तोवर परतीचं आरक्षण तारेने मागवावं लागे. ऑगस्ट २००२मध्ये आयआरसीटीसीवर ऑनलाइन विक्री सुरू झाली, तरी तिकीट घरी यायचं कुरिअरने! इंटरनेटवर घेतलेलं तिकीट कागदाशिवाय तिकीट वाटत नव्हतं. स्वतः छापायचं ई-तिकीट आलं २००५मध्ये.

*

आता आरशात बघू. आमच्यापासून तासाभरावर वेरूळ आहे. हिवाळ्यात तिथे जर्मन, जपानी, कोरियन लोक येतात. इंजिनीअरिंगला असताना सुट्टीत एकदा मी लासूर स्टेशनवर एका फ्रेंच जोडप्याला भेटलो होतो. त्यांच्या हातात फोन होता, खात्यात पैसे होते, आणि तरी त्यांना तिकीट काढता येत नव्हतं, कारण ओटीपीला भारतीय मोबाइल नंबर हवा होता. 'वेटिंग लिस्ट १४' म्हणजे काय, 'आरएसी' म्हणजे अर्धी बर्थ कशी असते, हे मी त्यांना हातवारे करून समजावत होतो. शेवटी काउंटरवर साधं तिकीट घेऊन ते जनरलमध्ये चढले. परदेशी पर्यटकांसाठी आपल्या रेल्वेत वेगळा कोटा आहे, पूर्वी डॉलरमध्ये किंमत असलेला इंडरेल पास होता, तो आता बंद झाला. त्या दोघांना यातलं काही माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं. त्या दिवशी मला वाटलं, काय हे लोक, साधं तिकीट काढता येत नाही. स्टुटगार्टच्या तिकिटाच्या रात्री मी त्यांची मनातल्या मनात माफी मागितली.

कारण बटण चालू केल्यावरही काम संपलं नाही. पहिली गोष्ट, फ्रँकफर्ट विमानतळाला दोन स्टेशनं आहेत. एक आसपासच्या गाड्यांचं, दुसरं लांब पल्ल्याच्या गाड्यांचं. एकावरची गाडी दुसऱ्यावर शोधत बसलं तर जन्मात सापडणार नाही. दुसरी गोष्ट, स्वस्त तिकीट त्याच एका गाडीला बांधलेलं. विमानाला उशीर झाला आणि ती गाडी गेली तर पैसे गेले. आईसाठी मी दुप्पट पैसे देऊन त्या दिवशीच्या कुठल्याही गाडीला चालणारं तिकीट घेतलं. तिसरी गोष्ट मला नवीनच होती. तिकिटात सीट येत नाही! तिकडे तिकीट म्हणजे गाडीत बसायचा हक्क, सीट राखायची तर वेगळे पैसे. आपल्या डोक्यात लांबच्या गाडीचं तिकीट आणि बर्थ हे एकच असतं. मी सीट वेगळी राखली, कारण आई भरल्या गाडीत उभी राहून लोकांकडे बघत राहील आणि कोणाला 'सरका' म्हणणार नाही, हे मला माहीत आहे.

चौथी गोष्ट नाव. ऑनलाइन तिकीट त्याच माणसाच्या नावाचं लागतं आणि गाडीत ओळखपत्राशी ताडून बघू शकतात. आईच्या आधार कार्डावर आधी आडनाव, पासपोर्टवर आधी तिचं नाव आणि मधे बाबांचं. फॉर्ममध्ये दोनच खाने. बाबांचं नाव कुठे घालू? मी पंधरा मिनिटं त्यावर घालवली. एवढ्यात लाइट गेली, राउटर बंद, सेशन संपलं, सगळं पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या खेपेला ओटीपी आला, सहा आकडे टाकले आणि हिरवी खूण उमटली.

आईला मी क्यूआर कोड दाखवला. ती म्हणाली, "हे कागदावर काढून दे बरं. मोबाइल बंद पडल्यावर मी काय दाखवू?"

मी सांगायला लागलो की कागदाची गरज नसते. मग दुसऱ्या दिवशी चौकात जाऊन चार प्रती काढून आणल्या. एक पर्समध्ये, एक हँडबॅगेत, एक मोठ्या बॅगेत, आणि एक तिने ब्लाउजमध्ये ठेवायच्या छोट्या पाकिटात घडी करून ठेवली. आजोबांच्या दोन पुरचुंड्या होत्या, आईच्या चार.

विमान पन्नास मिनिटं उशिरा पोहोचलं. ठरलेली गाडी गेली होती, आणि तिच्याबरोबर राखलेली सीटही. त्या चाळीस मिनिटांत आईचा फोन लागत नव्हता आणि मी इथे ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून बसलो होतो. मग फोटो आला. खिडकी, बाहेर हिरवं शेत, खिडकीच्या काचेत आईचं अर्धं डोकं. एका कॉलेजच्या मुलीने तिला सीट दाखवली होती. नंतर फोनवर आईची तक्रार एवढीच होती की तिकीट बघणाऱ्याने कागदावर यंत्र फिरवलं आणि परत दिलं. "भोक पाडलं नाही, सही केली नाही, फाडलं नाही. मी त्याला म्हटलं, झालं का? तो हसला नुसता."

तीन महिन्यांनी ती परत आली तेव्हा आजीसाठी दोन युरोचं नाणं आणलं. आजीने ते डोळ्यांजवळ धरून बघितलं. मधे पिवळं, कडेला पांढरं. तिच्या पितळी डब्यात अजून चारमिनारचे तीन रुपये आहेत, ते कोणी बदलून घेतले नाहीत.

"याला बट्टा किती घेतात?" तिने विचारलं.

मी तेव्हाचं कार्डाचं बिल उघडून बघितलं. परकी चलनाचं शुल्क साडेतीन टक्के, वर त्यावर जीएसटी. शंभरामागे चार रुपये धर, असं मी तिला सांगितलं.

आजीने हिशेब केला, ओठ हलवत. मग म्हणाली, "आमचा सराफ बरा होता."